आंघोळीचं पाणी कशावर तापतं? राज्यातल्या महापालिका आयुक्तांना खुले पत्र

सन्माननीय आयुक्त महोदय आणि महोदया,

हे पत्र आंघोळीच्या पाण्याबद्दल आहे. आपल्या टेबलावर येणाऱ्या विषयांत हा विषय कदाचित कधीच आला नसेल, म्हणूनच लिहिते आहे.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्यातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत देशात सगळ्यात जास्त शहरं आपल्या राज्याची आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, चंद्रपूर, कोल्हापूर, सांगली, जळगाव, जालना, लातूर, अकोला, अमरावती, अशी ती यादी लांबत जाते. प्रत्येक शहराचा कृती आराखडा आहे, त्यासाठी निधी आहे. रस्त्यावरची धूळ, बांधकामं, वाहनं, बेकऱ्या, स्मशानं, उघड्यावर जाळला जाणारा कचरा हे सगळं त्यात येतं. घरात जाळलं जाणारं इंधन आलंच तर ते स्वयंपाकाचं इंधन म्हणून येतं आणि त्यावर उपाय लिहिलेला असतो, गॅस जोडणी. गॅस जोडणी झाली की तो मुद्दा निकालात निघतो.

मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करते. माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत गॅस आहे आणि त्यातल्या कितीतरी घरांच्या दाराशी चूलही आहे. त्या चुलीवर भाकरी होत नाही, रोजचं आंघोळीचं पाणी तापतं. सगळ्यात वाईट धूर तिथूनच येतो आणि तो धूर कुठल्याच खात्यात जमा होत नाही.

डिसेंबरात पहाटे साडेपाचला एखाद्या गल्लीत उभं राहून बघा. धुणीभांड्याला जाणाऱ्या बायका, मजूर अड्ड्यावर उभे राहणारे गडी, तुमच्याच महापालिकेच्या झाडणकामाला जाणारी माणसं, या सगळ्यांना सहाच्या आत घर सोडायचं असतं. दाराबाहेर तीन विटा, त्यावर बाहेरून काळं ठिक्कर पडलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं. ज्यांना परवडलं त्यांच्याकडे पत्र्याचा किंवा सासूच्या वेळचा तांब्याचा बंब. त्यात काय घातलं जातं ते जवळ जाऊन पाहा. फर्निचरवाल्याच्या दुकानातून पोत्याने आणलेल्या प्लायवुडच्या पट्ट्या, एका बाजूला सनमायका तसाच चिकटलेला. रंग दिलेल्या खिडकीची जुनी चौकट. शिलाईच्या कारखान्यातल्या चिंध्या, त्यात सुती थोड्या आणि पॉलिस्टरच्या जास्त. तुटलेल्या चपला, सोफ्यातला फोम, सायकलची ट्यूब. भंगारवाला जे घेत नाही ते सगळं चुलीत जातं. पूर्वी चूल पेटवायला रेशनचं रॉकेल घोटभर ओतायचे. रेशनचं रॉकेल गेलं, आता त्या जागी वेफर्सचं रिकामं पाकीट किंवा कॅरीबॅग असते. ती पेटते लगेच आणि तिचे वितळलेले थेंब जळत जळत लाकडावर पडतात.

लाकडाचा धूर वाईटच, पण हा नुसता लाकडाचा धूर नाही. प्लायवुडच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड निघतो. पीव्हीसी हे प्लास्टिक जळलं की हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन तयार होतात, फोममधून हायड्रोजन सायनाइड, सगळे विषारी. कचरा जाळून वीज करायचा प्रकल्प उभारायचा तर भट्टी साडेआठशे अंशांच्या वर ठेवावी लागते, धूर गाळायची यंत्रणा लागते, उंच चिमणी लागते. तोच कचरा इथे धुमसत जळतो आणि त्याला फुंकर घालायला एक बाई त्यावर वाकलेली असते. तिच्या शेजारी शाळेचा गणवेश घालून पोर शेकत बसलेलं असतं.

आता घरात गॅस असताना ही चूल का, हा प्रश्न मी स्वतः घराघरांत विचारते. उत्तर एकच मिळतं, "गॅस स्वयंपाकाचा. पाण्याला लावला तर महिना पुरत नाही." हा हिशेब अगदी बरोबर आहे. तो कागदावर मांडून दाखवते. पाच माणसांचं घर, माणशी पंधरा लिटर पाणी. हिवाळ्यात नळाचं पाणी वीस अंशांवर धरलं आणि ते चाळीसपर्यंत न्यायचं म्हटलं, तर शेगडीवर वाया जाणारी उष्णता धरून रोज पाव किलोच्या जरा आत गॅस लागतो. महिन्याला साधारण सात किलो. सिलिंडर १४.२ किलोचा. म्हणजे अर्धा सिलिंडर निव्वळ आंघोळीला. एप्रिल २०२५ पासून मुंबईत सिलिंडर साडेआठशेच्या वर गेला, त्यातले सव्वाचारशे रुपये दरमहा पाण्यावर घालवायचे. ज्या घरात बाई चार घरची भांडी घासून महिना काढते, तिथे हे पैसे कुठून यावेत? भंगारातलं जळण फुकट मिळतं.

उज्ज्वला योजनेचं मोल मला पुरेपूर माहीत आहे. मे २०१६ मध्ये ती उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली आणि आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात दिली गेली. या योजनेने बायकांचा स्वयंपाक धुरातून बाहेर काढला, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. पण देशभरात उज्ज्वलाचं कुटुंब वर्षाला सरासरी चार-साडेचार सिलिंडर भरून घेतं. त्यात फक्त स्वयंपाकसुद्धा वर्षभर भागत नाही. राज्याची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना वर्षाला तीन सिलिंडर फुकट देते. वरच्या हिशेबाने ते तीनही पाण्याला लावले तरी सहा महिन्यांत संपतात, आणि ते कुणी पाण्याला लावत नाही. ज्यांचं रेशनकार्ड गावाकडे आहे, जे भाड्याच्या खोलीत राहतात, ते तर बहुतेकदा या दोन्ही योजनांच्या बाहेर असतात. कोपऱ्यावरच्या दुकानातून छोट्या टाकीत किलोवर गॅस भरून आणायचा, तोही चोरून, हे त्यांचं स्वयंपाकाचं इंधन. पाण्याचा विचारच नको.

हे आपल्याला दिसत नाही याचं कारण प्रश्नच तसा विचारला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातली जवळपास ८० टक्के घरं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करतात असं आलं. शहरांत हे प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे. आकडा खोटा नाही. पण विचारलं जातं ते स्वयंपाकाचं, आणि त्यातही मुख्य इंधन. जनगणनेच्या घरयादीतही तेच. "पाणी कशावर तापवता?" असं कुणी विचारतच नाही. बाई प्रामाणिकपणे "गॅस" सांगते, कर्मचारी "गॅस" लिहितो आणि दाराबाहेरची चूल कागदावर उरत नाही.

दुसरं कारण पैशाचं आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये हवा कार्यक्रमाच्या निधीचा हिशेब मांडला. त्यात ६४ टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेलेला निघाला. जैविक इंधन आणि कचरा जाळणं थांबवण्यावर १५ टक्केही नाही. शहराची प्रगती जोखली जाते ती पीएम १० या मोठ्या कणांवर, त्यामुळे यांत्रिक झाडू आणि पाण्याचे फवारे घेतले की गुण मिळतात. चुलीच्या धुरातले कण मुख्यतः पीएम २.५ या फार बारीक कणांत मोडतात. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथून रक्तात. फवाऱ्याने ते बसत नाहीत.

आणि वेळ बघा. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड असते, वरची त्या मानाने उबदार, त्यामुळे धूर वर चढत नाही. पत्र्याच्या छपरांच्या उंचीवर तो तासन्‌तास पसरून राहतो. पाणी तापवायची वेळ नेमकी तीच. पुण्या-नाशकात पारा दहाच्या खाली जातो तेव्हा गरम पाणी जास्त लागतं, जळण जास्त लागतं आणि धूर जायला जागा सगळ्यात कमी असते. हवा मोजणारं केंद्र मात्र एखाद्या मोकळ्या आवारात असतं. त्याचा चोवीस तासांचा सरासरी आकडा गल्लीतल्या पहाटेच्या दोन तासांबद्दल काय सांगणार?

या धुराची किंमत किती, याचे आकडे आपल्याकडे आहेत. २०१९ या एका वर्षात घरातल्या इंधनाच्या धुरामुळे देशात ६ लाखांहून जास्त मृत्यू झाले, असा अंदाज लॅन्सेटच्या नियतकालिकात आला होता. आयुष्यात कधी विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट, धाप लावणारा आजार होतो आणि त्याचं मोठं कारण चुलीचा धूर आहे, हे जगापुढे ठामपणे मांडणाऱ्यांत पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉक्टर पुढे होते. २००९ मधली गोष्ट आहे ही. वस्तीतल्या पन्नाशीच्या बायका दोन जिने चढल्या की धापा टाकतात आणि "वय झालं" म्हणतात. पन्नास हे काय वय झालं?

एका खोलीबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण तिथे आपली यंत्रणा आधीच पोचलेली आहे. ती बाळंतिणीची खोली. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी देतात. आंघोळ झाली की लोखंडी शेगडीत कोळसे नाहीतर गोवरीचे निखारे, त्यावर ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं टाकून धुरी. बाळाला त्यावरून फिरवायचं, बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी सरकवायची. वाड्यात, मोठ्या घरात, कौलांच्या फटींतून धूर जायचा तेव्हा ही गोष्ट वेगळी होती. आता दहा बाय दहाची खोली आहे, वर पत्रा, गार वारा नको म्हणून खिडकी बंद, दाराला गोधडी लावलेली. आत दहा दिवसांचं बाळ. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत. कोळसाच न मिळाल्यामुळे प्लायवुडचे निखारे घातलेली शेगडीसुद्धा मी पाहिली आहे. त्या आजीचा हेतू एकच होता, नातवंडाला ऊब मिळावी.

त्या आजीला रागावून काही होणार नाही. बाळाला ऊब लागतेच, कमी वजनाच्या बाळाला तर फारच. आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीतल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून देशभर गेली, याचा मराठी माणसाला अभिमान आहे. या सहा भेटींत वजन होतं, तापमान होतं, श्वास मोजले जातात. खोलीत काय जळतंय हेही विचारलं जावं. आईच्या छातीशी उघड्या अंगाने बाळ धरून वरून पांघरूण घेतलं की कसलंही जळण न लागता ऊब मिळते, हे रुग्णालयात शिकवतात, पण घरी गेल्यावर ते सासूपर्यंत पोचत नाही. ते आशाताईच पोचवू शकतात. यासाठी आरोग्य विभागाला तुमचं एक परिपत्रक पुरेसं आहे.

विदर्भातली गोष्ट आणखी वेगळी. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घूस, वणी या कोळशाच्या पट्ट्यात जळण म्हणजे दगडी कोळसा. खाणीच्या वाटेवर ट्रकमधून सांडलेला, पोत्यात भरून सायकलवर आलेला. संध्याकाळी घरोघरी सिगड्या बाहेर आणून पेटवतात. सुरुवातीचा दाट पिवळट धूर गल्लीत सोडून द्यायचा आणि निखारा लाल झाला की सिगडी आत घ्यायची. चंद्रपूर तर २००९ मध्येच देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत आलं. औष्णिक केंद्राच्या चिमण्यांवर तिथे बोललं जातं आणि बोललंच पाहिजे. पण ज्या शहराच्या कोळशावर राज्याची वीज होते, त्या शहरात माणसं पाणी मात्र उघड्या कोळशावर तापवतात, हे कुणालाच खटकू नये?

माझी पहिली विनंती अशी की, हे पत्र वाचून कृपा करून दंडाची पावती काढू नका. उघड्यावर कचरा जाळल्याबद्दल ५,००० रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये दिला आहे. तो सोसायटीच्या आवारात पाला पेटवणाऱ्याला लावा. पाणी तापवणाऱ्या बाईला लावाल तर ती चूल दारातून उचलून घरात नेईल, आणि मग तो सगळा धूर त्या दहा बाय दहाच्या खोलीत कोंडेल. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडायला सहा महिने दिले. बेकरीवाल्याकडे धंदा आहे, तो पावाची किंमत वाढवू शकतो. वस्तीतली बाई कशाची किंमत वाढवणार?

पोलंडमधल्या क्राकोव्ह शहराने १ सप्टेंबर २०१९ पासून घरात कोळसा आणि लाकूड जाळायला पूर्ण बंदी घातली. पण त्याआधी कित्येक वर्षं शहराने जुन्या भट्ट्या बदलायला स्वतःचे पैसे दिले आणि नव्या इंधनाचं वाढीव बिल गरीब घरांना झेपावं म्हणून वेगळी मदत ठेवली. त्याच वर्षी मंगोलियात उलानबातरने कच्च्या कोळशावर बंदी आणली आणि त्याऐवजी कोळशाच्या विटा दिल्या. धूर कमी झाला, पण नव्या इंधनाची सवय नसलेल्या घरांत कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली. आपल्याकडची सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना १९८३ मध्ये सुरू झाली आणि २००२ मध्ये गुंडाळली गेली, तोवर तीन कोटींहून जास्त चुली वाटून झाल्या होत्या. वाटलेल्या मोजल्या गेल्या. वर्ष-दोन वर्षांनी किती पेटत होत्या, ते मोजायला फारसं कुणी गेलं नाही. तेव्हा वस्तू वाटायची योजना मी मागत नाही.

मी गरम पाणी मागते आहे. यात नवल काही नाही, आपण ते आजही देता, फक्त दुसऱ्यांना देता. पुणे महापालिका घरावर सौर यंत्रणा बसवली की मिळकतकरात सूट देते. बंगल्याच्या गच्चीवरच्या सौर बंबाला शहराच्या तिजोरीतून मदत मिळते आणि ते योग्यच आहे. पण जो मिळकतकराच्या यादीतच नाही, ज्याच्या पत्र्यावर शंभर लिटरची टाकी ठेवली तर पत्रा खाली येईल, ज्याच्या नळाला तासभर पाणी येतं, त्याला या सवलतीचा काय उपयोग? वस्तीत पक्क्या स्लॅबची, पाण्याच्या टाकीची, महापालिकेच्या मालकीची एक इमारत बहुतेक ठिकाणी असते, ती म्हणजे सामुदायिक शौचालय. त्या गच्चीवर सौर यंत्रणा बसवा, ढगाळ दिवसांसाठी तिला हीट पंपाची जोड द्या. हीट पंप म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं यंत्र, ते साध्या हीटरच्या साधारण एक तृतीयांश विजेत पाणी तापवतं. पहाटे चार ते आठ बादलीने गरम पाणी मिळू द्या. बादलीला रुपया-दोन रुपये ठेवलेत तरी लोक देतील, कारण जळण गोळा करण्यात पोरांचा आणि म्हाताऱ्यांचा अर्धा दिवस जातो तो वाचेल. चालवायला वस्तीतलाच बचत गट द्या. कंत्राटदार नको, बंद पडलेल्या नळाची तक्रार बचत गटातल्या बाईकडे लगेच पोचते.

विजेचाही विचार व्हावा. वरच्या हिशेबाला रोज पावणेदोन युनिट लागतात, महिन्याला पन्नासच्या वर. शंभर युनिटांच्या आत बसणारं घर त्यामुळे वरच्या टप्प्यात जातं आणि दर वाढतो. शिवाय वस्तीतली वायरिंग उघडी, एका मीटरवर तीन खोल्या, पाण्याच्या बादलीत सोडलेला हीटरचा रॉड आणि ओली फरशी. शॉक लागून गेलेल्या माणसांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. म्हणून घरोघरी रॉड हा उपाय मी सुचवणार नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये मात्र सौर पाण्याची यंत्रणा बसवलेली असेल, तर ती आज चालू आहे का, एवढं तपासून घ्या.

लोकांचा प्रश्न येतो, गरम पाणी ही चैन नाही का? पहाटे चारला उठून गटारात उतरणाऱ्या माणसाला, संधिवाताने बोटं वाकलेल्या कामवाल्या बाईला, दम्याच्या पोराला गार पाण्याने आंघोळ कर असं आपल्यापैकी कुणीच तोंडावर सांगणार नाही. मग योजनेतूनही सांगू नये.

महापालिकांची अंदाजपत्रकं जानेवारी ते मार्चमध्ये मांडली जातात. येत्या अंदाजपत्रकात वस्त्यांमधल्या गरम पाण्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा आणि हवा कार्यक्रमाच्या निधीतला वाटा त्याला द्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाला सांगून हिवाळ्याचे तीन महिने काही वस्त्यांच्या आत पीएम २.५ मोजून घ्या, तासातासाचा आकडा ठेवून. त्याआधी प्रत्येक प्रभागात साधी पाहणी करा, प्रश्न दोनच, पाणी कशावर तापवता आणि ते जळण कुठून आणता. पाहणीला माणसं पाठवाल ती पहाटे साडेपाचला पाठवा. कार्यालय उघडल्यावर अकराला आली, तर चुली विझलेल्या असतील आणि बायका कामावर गेलेल्या असतील.

आपली,
वस्ती पातळीवरची एक आरोग्य कार्यकर्ती, पुणे